पुण्यात पाडलेल्या कामांचा हिशोब कोण ठेवतं?

मुठाकाठ

महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं. आदल्या वर्षीचं ११,६०१ कोटींचं, त्याही आधीचं साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. दरवर्षी आकडा फुगतो, पेपरात 'करवाढ नाही'चा मथळा येतो, आपण आपल्या भागाला काय मिळालं एवढं बघतो आणि पान उलटतो. त्या जाडजूड पुस्तकात रस्ते, पूल, उद्यानं, दवाखाने सगळं सापडतं. आधी बांधलेलं काय पाडलं, ते बांधायला किती गेले होते, पाडायला किती गेले आणि पाडायची वेळ कोणाच्या निर्णयामुळे आली, हे मात्र कुठल्याच पानावर नसतं.

नगर रस्त्याची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी मार्गिका, घ्या. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली तेव्हा 'देशात पहिली' म्हणून आपण कॉलर ताठ केली होती. पैसा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेचा. त्यात आपल्यासारख्या शहराला केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि उरलेले ३० महापालिकेचे. मग संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग २०१५ मध्ये आणि नगर रस्ता २०१६ मध्ये सुरू झाला. २०२३ सरता सरता नगर रस्त्यावरचे थांबे तोडायला घेतले. धड आठ वर्षंसुद्धा नाहीत!

विद्यापीठ चौकातले पूल जेमतेम पंधरा वर्षांचे होते. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला आडवे येतात म्हणून जुलै २०२० मध्ये, लोक करोनामुळे घरात बसलेले असताना, पाडले. जागी दुमजली पूल येणार होता. त्याची पहिली बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. मधली पाच वर्षं गणेशखिंड रस्त्यावर ज्यांनी काढली त्यांनी पुढे लिहावं, माझा रक्तदाब वाढतो.

पण खरा अभ्यासाचा नमुना म्हणजे सिंहगड रस्ता. एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला कालवा, मधे एकच रस्ता आणि त्यावर धायरी-खडकवासल्यापर्यंतची सगळी वस्ती. पर्याय हवाच होता. तो कुठे शोधला, तर विठ्ठलवाडीपासून वारज्याकडे थेट नदीपात्रात! भराव टाकला, रस्ता केला. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी येतं म्हणून आखलेल्या रेषेच्या, आत. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि २०१३ मध्ये लवादाने रेषेच्या आतला भाग काढायला सांगितला. म्हणजे भराव टाकण्याचं बिल वेगळं, उचलण्याचं वेगळं आणि वकिलांचं वेगळं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सिंहगड रस्त्यावर राजाराम पूल ते फनटाइम उड्डाणपुलाचं भूमिपूजन झालं, खर्च ११८ कोटी. तो तुकड्यातुकड्याने खुला होत २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मेट्रोला मंजुरी दिली. तीही याच रस्त्यावरून जाणार. आता पुलाचे खांब आणि मेट्रोचे खांब एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते बघत बसायचं.

पूल नकोत, रस्ते नकोत म्हणणाऱ्यांतला मी नाही. शहर वाढतं, कधीतरी पाडावंही लागतं. माझी मागणी फार लहान आहे. कुठलंही सार्वजनिक काम मुदतीआधी पाडायचं असेल तर त्या ठरावासोबत दोन पानांचं टिपण जोडा: मूळ खर्च, मूळ सल्लागार, अपेक्षित आयुष्य, प्रत्यक्ष आयुष्य, पाडण्याचा खर्च. आणि ते अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापा. नवीन पुलाला हात वर करणाऱ्या नगरसेवकाला मागच्या पुलाचं काय झालं ते त्याच पुस्तकात दिसायला हवं.

खराडी_बायपास

मुठाकाठ, तुम्ही नगर रस्त्याने रोज जाता का? मी जातो. बीआरटी काढली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत.

कागदावर ती उत्तम होती. प्रत्यक्षात येरवड्यापासून रामवाडीपर्यंत मेट्रोचे खांब आले आणि मार्गाचे तुकडे झाले. बस मधल्या मार्गिकेत शिरणार, पुढच्या चौकात बाहेर पडणार, परत शिरणार. थांबा रस्त्याच्या मधोमध, तिथे पोचायला म्हाताऱ्या माणसांनी दोन-तीन लेन जीव मुठीत धरून ओलांडायच्या. स्वयंचलित दारं कधी उघडी पडलेली, कधी बंदच. आणि बसच्या मार्गिकेत दुचाक्या, रिक्षा, पाटी लावलेल्या मोटारी सगळ्याच. जे चालत नाही ते काढलं तर त्याचाही हिशोब द्या म्हणताय. उद्या अधिकारी काहीच काढायला धजावणार नाहीत. चुकलेलं दुरुस्त करायची हिंमत दाखवली त्याबद्दल दोन शब्द चांगले लिहा की.

पीएमटी_पासधारक

खराडी_बायपास, पेढे पचले असतील तर बसमधल्या लोकांचंही ऐका.

मी वाघोलीच्या बाजूने येते. बीआरटी होती तेव्हा निदान काही टप्प्यांत बस मोटारींना मागे टाकून जायची. आता बस आणि मोटार एकाच रांगेत. मोटारवाल्याला गाणी आहेत, एसी आहे. आम्ही दांड्याला लोंबकळतोय. त्यात १ जून २०२५ पासून किमान तिकीट पाचाचं दहा झालं.

तुम्ही सांगितलेल्या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या बीआरटीच्या नाहीत, अर्धवट बीआरटीच्या आहेत. चौकात बसला आधी सोडणारा सिग्नल द्यायचा होता, तो नीट बसवला नाही. थांब्यापर्यंत सुरक्षित ओलांडणं द्यायचं होतं, दिलं नाही. मार्गिकेत घुसणाऱ्याला दंड व्हायचा होता, तिथे वॉर्डन उभे केले आणि तेही पुढे दिसेनासे झाले. मेट्रोचे खांब कुठे येणार हे ठरवतानाही बीआरटीचं काय करायचं हे कोणी ठरवलं नाही. सलग कधी ठेवलीच नाही, मग 'चालत नाही' म्हणून काढली.

शिवाय उजव्या बाजूला दारं असलेल्या बस खास या मार्गांसाठी घेतल्या होत्या. मुठाकाठ, तुमच्या दोन पानांत ते पण घाला. पीएमपीची, म्हणजे आपल्या बस कंपनीची, तूट पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरतं, म्हणजे शेवटी ते आपल्याच खिशातून आहे. सातारा रस्त्याचा मार्ग तर दहा-बारा वर्षांत दुसऱ्यांदा बांधला. त्या दुरुस्तीच्या काळात पद्मावती ते कात्रज प्रवास केलेले वाचक इथे असतील.

खराडी_बायपास

ताई, अर्धवट होती हे मान्य. पण पूर्ण करणार कोण होतं? मी जे होतं त्याबद्दल बोलतोय, तुम्ही जे असायला हवं होतं त्याबद्दल.

चष्मिष

आमच्या गल्लीचा विकास आराखडा: डांबर, मग ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग गॅस, मग केबल, मग काँक्रीट, मग काँक्रीट फोडून राहिलेलं ड्रेनेज. क्रम चुकून बरोबर लागला तर ठेकेदार उपाशी मरतील हो.

एमबीवाले_काका

धागा चांगला आहे, पण मुठाकाठ तुम्ही फक्त मोठ्या माशांकडे बघताय. मी आयुष्यभर ठेकेदारांकडे साइट इंजिनिअर होतो. मोजमाप पुस्तक, ज्याला आम्ही एमबी म्हणतो, ते भरण्यात केस पांढरे झाले. पैसा कसा वाहतो ते थोडं सांगतो. कोणा एका माणसाचं, पक्षाचं हे नाही.

रस्ता नवा केला की तो भांडवली खर्च. त्याला तरतूद मिळते, भूमिपूजन होतं, नावाचा फलक लागतो. तोच रस्ता नीट ठेवायचा तर पैसे देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून काढायचे, आणि ते लेखाशीर्ष पावसाळा संपेपर्यंत आटलेलं असतं. चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीला आणायला कोणी नारळ फोडत नाही. म्हणून झाकण खड्ड्यात राहतं, भोवतीचं डांबर सुटतं, आणि मग 'रस्ता खराब झाला' म्हणून पुन्हा सगळाच करायचं पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट) तयार होतं. चष्मिष यांचा विनोद वाचून हसू आलं नाही, कारण मी त्या गल्ल्या केल्या आहेत.

दुसरी गोष्ट 'बिलो'. पूर्वगणनपत्रक दरसूचीवरून, म्हणजे सरकारी दरांच्या यादीवरून होतं. ठेकेदार स्पर्धेत त्याच्या वीस-पंचवीस टक्के खाली दर भरतो. वरून बघणाऱ्याला वाटतं महापालिकेचे पैसे वाचले. जो तेवढ्या खाली जाऊन काम घेतो तो धर्मादाय करत नसतो. एक तर दरसूचीच फुगलेली असते, नाही तर तो डांबराच्या थरात, खडीच्या प्रतीत, नाही तर नंतरच्या 'एक्स्ट्रा आयटम'मध्ये भरून काढतो. दोष दायित्व कालावधी नावाची गोष्ट असते, त्यात रस्ता उखडला तर ठेकेदाराने पदरमोड करून दुरुस्त करायचा. पण मधे कोणी केबलसाठी खोदलं की तो मोकळा. 'आमचा रस्ता चांगला होता, तुम्ही खोदलात' म्हणायला जागा मिळते. आणि खोदणारे येतातच.

तिसरी गोष्ट ७२ ब. महापालिका अधिनियमातलं कलम आहे. मोठं काम एका आर्थिक वर्षात संपत नाही, म्हणून पुढच्या वर्षांच्या अंदाजपत्रकांतून पैसे देऊ अशी हमी घेऊन करार करता येतो. हेतू रास्त. पण यंदा थोडी तरतूद दाखवायची, काम सुरू करायचं, उरलेला बोजा पुढच्यांवर. असे करार साठत गेले की नवीन वर्षाच्या अंदाजपत्रकाची पहिली पानं आधीच खर्च झालेली असतात. त्यात प्रत्यक्ष जमा अंदाजापेक्षा कमी येते. मग कात्री कुठे? परत देखभाल-दुरुस्तीला.

आणि वर्षअखेरचं वर्गीकरण! एका कामाचे न वापरलेले पैसे दुसरीकडे वळवायचे. तुम्ही अंदाजपत्रकात वाचलेला दवाखाना मार्चमध्ये पेव्हिंग ब्लॉक झालेला असतो.

मुठाकाठ

काका, हे सगळं वेगळ्या धाग्यावर पुन्हा लिहा, विनंती आहे.

एक शंका. १५ मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक, स्थायी समितीही तेच आणि मुख्य सभाही तेच. त्या काळात नगरसेवकांची 'स' यादी (त्यांनी प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची) बंद, मग वर्गीकरणाची ओढाताण कमी झाली का? माझ्यासारख्या बाहेरच्याला तरी फरक एवढाच दिसला की पूर्वी स्थायीत भांडणं व्हायची आणि ती पेपरात यायची, म्हणून निदान विषय कळायचा.

एमबीवाले_काका

त्या काळात मी निवृत्त, त्यामुळे आतलं सांगू शकत नाही. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. स्थायीतलं भांडण बहुतेक वेळा टक्क्यांचंच असायचं, तरी त्या भांडणातून दहा गोष्टी बाहेर पडायच्या. विरोधात बसलेला एखादा अभ्यासू सदस्य प्रस्तावाचा गठ्ठा घरी नेऊन वाचायचा. सगळेच 'एकमताने मंजूर' नसायचे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता १६५ जण परत सभागृहात आहेत. त्यातले किती गठ्ठा वाचतात ते बघू.

धरण_उशाला

वाचतोय. सगळे जण पाडलेल्याचा हिशोब मागताय. आमच्याकडे पाडायला आधी काही बांधा तरी!

मी धायरीच्या बाजूचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं घेतली, ३० जून २०२१ ला आणखी तेवीस. क्षेत्रफळात राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका म्हणून तुम्ही लोकांनी बातम्या वाचल्या. आम्हाला आधी मिळकतकराचं बिल मिळालं, पाणी टँकरनेच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीच्या वर पाणी, तेही आमच्या डोक्यावरून शहरात जातं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते आम्हीच.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा कुठली नावं पेपरात होती आठवा: नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. पाण्याचे नमुने घेतले, विहिरींवर माणसं आली, टँकर भरण्याच्या जागा तपासल्या. शुद्धीकरण प्रकल्पाची गरज तोपर्यंत कोणाला माहीत नव्हती का? फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी शेवटी 'नको तुमची महापालिका' म्हणून वेगळी नगरपरिषद करून घेतली. त्याच उरुळीत तुमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं पडत होता.

मला पेठांतल्या किंवा कोथरूडच्या माणसाबद्दल राग नाही. पण औंध-बाणेर-बालेवाडीला स्मार्ट सिटी होते, २०१६ मध्ये पंतप्रधान येऊन उद्घाटन करतात आणि आमच्याकडे मैलापाणी ओढ्यात जातं. हे एकाच शहराचं अंदाजपत्रक असेल तर मधली रेघ कोणी मारली?

पीएमटी_पासधारक

धरण_उशाला, शंभर टक्के सहमत. स्मार्ट सिटीत भाग निवडतानाच तो आधीपासून बरा असलेला निवडला होता. बऱ्याला अजून बरं करणं सोपं, फोटोही चांगले येतात.

पण एक बाजूही मांडते. औंधच्या डीपी रस्त्याचा किंवा जंगली महाराज रस्त्याचा पदपथ झाला म्हणून पहिल्यांदा कळलं की पुण्यात चालता येऊ शकतं. २०१६ ची पादचारी धोरणाची कागदपत्रं त्यामुळेच वाचावीशी वाटली. चांगलं काम एका जागी झालं हे वाईट नाही, ते तिथेच थांबलं हे वाईट. आणि ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांना द्यायचा आणि उरलेलं वर्ष पदपथावर दुचाक्या, हे काही धोरण नाही, तो सण झाला.

रोखे_आणि_धोके

चोवीस तास पाणी योजनेचा उल्लेख अजून कसा नाही?

२२ जून २०१७ ला मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली. पुणे महापालिकेचे २०० कोटींचे रोखे, ७.५९ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. कर्जरोखे काढणं चुकीचं नाही, उलट त्यासाठी महापालिकेला पतमानांकन घ्यावं लागतं, हिशोब नीट ठेवावे लागतात, ही जमेची बाजू. पण रोखे आधी आणि काम नंतर अशी घाई झाली. ज्या कामासाठी पैसे उचलले त्याच्या निविदा चढ्या दरांवरून वादात सापडल्या, रद्द करून परत काढाव्या लागल्या. काम जागेवर आणि व्याज चालू.

आता २०२७ मध्ये मुद्दल फेडायची वेळ येईल. तुमच्या घरी चोवीस तास पाणी येतं का, हा प्रश्न मी विचारत नाही. मीटर बसलेत. मीटरला पाहायला पाणी कधी मिळणार, एवढंच.

मुठाकाठ यांच्या टिपणात आणखी एक ओळ घाला: कामासाठी कर्ज काढलं असेल तर काम सुरू होण्याआधी किती व्याज भरलं.

संगमपूल

टीका सोपी असते म्हणून लिहितोय. मी संगमवाडीच्या बाजूला राहतो. नदीकाठ सुधारणेचं काम बंडगार्डनजवळ जे झालंय ते बघायला कधी गेलाय का कोणी? आधी तिथे राडारोडा, डास आणि दारूच्या बाटल्या होत्या. आता लोक मुलांना घेऊन येतात. सकाळी चालायला जागा आहे. शहराने आयुष्यभर नदीकडे पाठ केली, आता तोंड वळवतंय तर त्यालाही विरोध?

मुठाकाठ

चालायला जागा झाली, मान्य. मीही जाऊन आलोय, दगडी काम चांगलं आहे. प्रश्न क्रमाचा आहे.

जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदी शुद्धीकरणाचा प्रकल्प जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाला: ९९० कोटी, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. त्यातला ८५ टक्के वाटा केंद्र देणार होतं. म्हणजे जवळपास फुकटात नदी स्वच्छ करायची संधी! तो प्रकल्प निविदा, फेरनिविदा आणि जागांच्या घोळात वर्षानुवर्षं रखडला आणि दरम्यान खर्चही वाढला. आणि ६ मार्च २०२२ ला नदीकाठ सुधारणेची पायाभरणी झाली: ४४ किलोमीटर, ४,७२७ कोटी. घाट आधी, पाणी नंतर. पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्याला रंग काढला आणि मोरी तुंबलेली तशीच ठेवली, यातला प्रकार. नाक धरून चालायचं तर घाट कितीही सुंदर असो.

दुसरा मुद्दा पुराचा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्यूसेकच्या पुढे विसर्ग गेला आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरलं. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने काय केलं ते टांगेवाले कॉलनीतल्या लोकांना विचारा. १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसं अजून या शहरात आहेत. अशा नदीचं पात्र बांधून काढताना ती कुठे पसरणार याचं उत्तर लोकांना समजेल अशा भाषेत मिळायला हवं. बाणेरजवळ रामनदीच्या संगमावरची जुनी झाडं तोडायला लोक उगाच विरोध करत नाहीयेत.

संगमपूल

मोरी-दिवाणखाना ठीक. पण दोन्ही खात्यांची माणसं वेगळी, पैसा वेगळा. एक रखडलं म्हणून दुसरं थांबवलं असतं तर दोन्ही रखडली असती. पुण्यात थांबलेलं काम परत सुरू झालेलं तुम्ही पाहिलंय का? कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. साडेतीन किलोमीटरचा, ८४ मीटर रुंद करायचा होता. २०१८ मध्ये सुरू झाला, भूसंपादनाचे पैसे नाहीत म्हणून शेवटी रुंदीच ५० मीटरवर आणली.

एमबीवाले_काका

संगमपूल यांनी नकळत माझाच मुद्दा मांडला. कात्रज-कोंढव्याला कार्यादेश (वर्क ऑर्डर) निघाला तेव्हा जागा ताब्यात होती का? नव्हती. जागा हातात नसताना कार्यादेश काढला की ठेकेदाराची यंत्रसामग्री साइटवर पडून, मुदतवाढ, दरवाढ, आणि मधल्या काळात त्या अर्धवट रस्त्यावर अपघात. नियम साधा आहे, जागा बहुतांशी ताब्यात आल्याशिवाय निविदा काढू नये. तो पाळला तर भूमिपूजनं निम्म्यावर येतील, म्हणून पाळत नाहीत.

पुराबद्दल एक. एकतानगरीचं सगळं खापर महापालिकेवर फोडू नका. विसर्गाचा निर्णय जलसंपदाचा, तो राज्य शासनाखाली. पण नदीकाठी डंपरने रातोरात राडारोडा पडतो तो रोखायचं काम महापालिकेचंच. आणि तो राडारोडा येतो कुठून? तुमच्या-आमच्या पाडलेल्या बांधकामांतून. बघा, धागा परत मूळ विषयावर आला.

चष्मिष

महापालिकेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आठवतं का? जून २०१८, उपराष्ट्रपती आलेले, बाहेर पाऊस आणि आत सभागृहात छत गळतंय. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचं छत पहिल्या दिवशी गळलं त्यांना दोष दायित्व कालावधी काय सांगायचा काका!

ओढ्याकाठची

प्रथमच लिहिते आहे. नळ स्टॉपच्या दुमजली पुलाचं कोणी नाव घेतलं नाही, म्हणून. तिथे महापालिका आणि महामेट्रो यांनी ठरवून एकाच खांबावर खाली पूल आणि वर मेट्रो केली, म्हणजे ठरवलं तर जमतं. मार्च २०२२ मध्ये पूल सुरू झाला. पण कोंडी चौकातून उठून पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन बसली. त्यामुळे 'यंत्रणांत समन्वय नाही' एवढंच म्हणून भागत नाही. समन्वय असतानाही पुलाने कोंडी सुटेल हे गृहीतक कोणी तपासलं होतं का? वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता काढायचा आग्रह चालू आहे, तिथेही तेच. दोन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही टोकांना आधीच भरलेले चौक. टेकडी गेली तर ती परत बांधता येणार नाही, तिचं पूर्वगणनपत्रक नसतं.

मला विचारायचंय की प्रत्यक्षात करायचं काय? नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक म्हणून अर्ज भरून घेतात ना?

पीएमटी_पासधारक

घेतात. पुण्यात २००६ पासून आहे. पण त्यात बाक, दिवे, पदपथाची दुरुस्ती अशी लहान कामं सुचवता येतात. ४,७२७ कोटींबद्दल तिथे कोणी विचारत नाही. तरी भरा, आमच्या थांब्याचं छप्पर त्यातून झालं.

खराडी_बायपास

बराच वेळ नुसता वाचत होतो. बीआरटी काढली ते योग्य झालं हे माझं मत कायम. पण एक कुतूहल मलाही आहे. तोडलेल्या थांब्यांचं लोखंड, काचा, स्वयंचलित दारं, हे सगळं गेलं कुठे? लिलाव झाला असेल तर कितीला? मुठाकाठ, माहिती अधिकारात टाका, दहा रुपये मी देतो.

मुठाकाठ

टाकतोच. मसुदा असा: नगर रस्ता बीआरटी मार्गाचा मूळ बांधकाम खर्च, काढण्याच्या कामाचा कार्यादेश आणि अंतिम देयक, काढलेल्या साहित्याची यादी आणि त्याच्या विल्हेवाटीचा आदेश, काढण्याचा निर्णय ज्या प्रस्तावाने झाला त्याची प्रत. त्याबरोबर विद्यापीठ चौकातल्या पुलांचीही तीच माहिती, आणि विठ्ठलवाडीच्या नदीपात्रातल्या रस्त्याचीही.

एमबीवाले_काका

अहो थांबा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. तिन्ही एकत्र टाकलंत तर त्याच मुद्द्यावर परत पाठवतील आणि तुमचे तीस दिवस वाया. तीन वेगळे अर्ज करा. 'का पाडलं' असं विचारू नका, कारणं विचारली की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन कागद मागा. मोजमाप पुस्तकाच्या पानांची प्रत मागायला विसरू नका, खरं काय झालं ते तिथे सापडतं. विद्यापीठ चौकाचा अर्ज महापालिकेकडे टाकू नका, नवा पूल पीएमआरडीएने (महानगर विकास प्राधिकरणाने) केलाय, एकमेकांकडे बोट दाखवतील. दोन्हीकडे टाका.

धरण_उशाला

चौथा अर्ज मी टाकतो. समाविष्ट गावांतून आतापर्यंत किती मिळकतकर जमा झाला आणि त्याच गावांत किती खर्च झाला, गावनिहाय. काका, दीडशे शब्दांत बसेल का?

एमबीवाले_काका

बसेल. 'गावनिहाय' हा शब्द दोनदा लिहा.

पीएमटी_पासधारक

उजव्या दाराच्या बसची माहिती मी पीएमपीकडे मागते. मुठाकाठ, उत्तरं आली की स्कॅन करून इथेच टाका, नवीन धागा काढू नका. खराडी_बायपास यांचे दहा रुपये कोण वसूल करतंय?